चिमटीबाबांची मात्रा

"दोनशे शहाऐंशी!" ध्वनिक्षेपकावरून रक्तातल्या साखरेचा आकडा गरजला आणि सभागृहभर हळहळ पसरली. निवृत्त पोस्टमन मान खाली घालून बसून राहिला. बाबांची चिमूट घेतल्यावर अडीच तासांनी त्याच्या बोटातून पुन्हा थेंब काढला. "एकशे एक्केचाळीस!" टाळ्यांनी छताचे पत्रे हादरले. पोस्टमन रडतच चिमटीबाबांच्या पायांवर कोसळला.

"डॉक्टर काय करतो? मिलिग्रॅम मोजतो," बाबा म्हणाले. "किराणा दुकान आहे का ते? आम्ही तागडी लावत नाही. माणूस बघतो, चिमूट सोडतो! उपाशीपोटी घ्यायची. घाम फुटला, हात थरथरले तर आनंद माना, विष निघतंय! आणि अशा वेळी कुणी गोड भरवलं, तर विष परत मुरलंच म्हणून समजा."

बोटं टोचायला परिचारिका विद्यालयातल्या सहा मुली होत्या. आकड्यांवर लोकांचा विश्वास बसावा म्हणून बाबांच्या माणसांनीच त्या मागवल्या होत्या. प्राचार्या नको म्हणत होत्या, पण औषधांची मात्रा शिकवणाऱ्या सिस्टरांनी हट्टाने होकार कळवला आणि मुलींबरोबर स्वतः आल्या.

तीन महिन्यांपूर्वी त्यांची आई गेली होती. मधुमेहासाठी डॉक्टरांची गोळी चालू होतीच. वरून मावशीने बाबांची चिमूट आणून दिली. दुपारी आईला दरदरून घाम फुटला, जीभ जड झाली. मावशी शेजारी बसून वारा घालत राहिली. "निघू दे विष, ताई, निघू दे." स्वयंपाकघरात साखरेचा डबा दहा पावलांवर होता. सिस्टर ड्यूटीवरून घरी पोचल्या तेव्हा आईचे हात गार पडले होते.

घरात उरलेली पुडी त्यांनी प्रयोगशाळेत दिली. मधुमेहाची जुनी, स्वस्त, जोरकस गोळी कुटून राखेत कालवली होती. अहवाल घेऊन त्या तीन कचेऱ्यांत गेल्या. 'तक्रार पोहोचली' असा शिक्का तिन्हीकडे मिळाला. मावशीला कागद दाखवला, तर ती म्हणाली, "कागद काय, कुणीही छापतं गं." आज तीच मावशी पदर सावरत चिमटीच्या रांगेत उभी होती.

सिस्टर व्यासपीठावर चढल्या.

"बाबा, तुम्ही सकाळपासून काही खाल्लंत?"

"बेटी, सात दिवस निराहार आहे!" टाळ्या.

"मग एक चिमूट तुम्हीही घ्या ना. लोकांनाही बघू दे."

चेला पुढे झाला. "ओ बाई, बाबांची परीक्षा घेता का?"

"घेऊ दे रे," बाबा हसले आणि चांगली जाड चिमूट तोंडात टाकून पाणी प्यायले.

ते घाबरले नाहीत, कारण त्यांचा हिशेब पक्का होता. पूर्वी ते औषधाच्या दुकानात खोकी उतरवत. शुगरची गोळी साखर उतरवते एवढं त्यांना तिथे कळलं होतं. ज्याला मधुमेहच नाही, त्याचं काय उतरणार? पहिल्या वर्षाच्या मुलीही हमखास असंच लिहितात आणि सिस्टर त्यांचे गुण कापतात. ही गोळी आजार आहे की नाही ते विचारत नाही. ती शरीराला इन्सुलिन सोडायला लावते, पोट रिकामं असलं तरी.

बाहेर रुग्णवाहिका उभी होती. ती सिस्टरांनीच सांगून ठेवली होती. खिशात ग्लुकोज होतं. रांग थांबवून त्या खुर्ची ओढून बाबांच्या समोर बसल्या.

पहिला आकडा ब्याण्णव. तासाने एकाहत्तर. बाबांचं प्रवचन अडखळू लागलं. दोन तास होत आले तेव्हा कपाळावरून घाम निथळत होता आणि हातातला माइक दाढीवर आपटत होता.

"विष निघतंय!" पुढच्या रांगेतून कुणीतरी ओरडलं. "जय हो!"

बाबांनी चेल्याकडे हात केला. "सरबत... सरबत आण."

सिस्टरांनी त्यांच्या हातातून माइक घेतला. "थांबा. कुणी गोड देऊ नका. बाबांचाच नियम आहे."

चेला पेला हातात धरून तसाच उभा राहिला.

"साखर द्या," बाबा पुटपुटले. "सिस्टर, पाया पडतो."

"पुडीत काय आहे?"

"भस्म..."

"पुडीत काय आहे?"

"गोळ्या. शुगरच्या गोळ्या. कुटून."

"एका चिमटीत किती?"

"माहीत नाही. मोजलं नाही कधी."

सिस्टर त्यांच्याकडे बघत राहिल्या. आईच्या ओठांचा रंग असाच उतरला असेल. आणखी थोडा वेळ गप्प बसलं तरी पुरे होतं.

"मॅडम," बोट टोचणाऱ्या मुलीने आकडा दाखवला. "एकोणपन्नास. द्यायलाच हवं ना?"

हे त्यांनीच तिला शिकवलं होतं. त्यांनी ग्लुकोज पाण्यात कालवलं आणि पेला बाबांच्या तोंडाला लावला. दहा मिनिटांत बाबा माणसात आले. लगेच ते उठायला लागले.

"बसा. ही गोळी साखर पुन्हा खाली ओढते. दिवसभर तरी दवाखान्यात राहावं लागेल. दर तासाला मी स्वतः तपासीन. तुम्हाला मी मरू देणार नाही. तुम्ही कोर्टात धडधाकट उभे राहायला हवेत."

मावशी व्यासपीठाच्या पायरीशी आली होती. "मी त्या दिवशी तिला साखर दिली असती तर..."

खोटं बोलणं सोपं होतं. "बहुतेक वाचली असती, मावशी."

मावशी मटकन पायरीवर बसली. सिस्टर तिच्याजवळ गेल्या नाहीत. त्या लोकांकडे वळल्या.

"आज ज्यांनी चिमूट घेतली, त्यांनी घरी जायचं नाही. आधी काहीतरी खा, मग मुलींकडून साखर तपासून घ्या. घाम आला तर ते विष नाही, साखर उतरतेय. माणूस शुद्धीवर असेल तर लगेच गोड द्या, बेशुद्ध माणसाच्या तोंडात काही घालू नका, आणि दोन्ही वेळा दवाखाना गाठा. ही गोळी वाईट नाही. आम्ही वॉर्डात रोज देतो, पण नाव वाचून, मात्रा दोनदा तपासून, जेवलात का विचारून. जो औषधाचं नाव सांगत नाही, किती देतोय ते सांगत नाही, त्याला देव म्हणा नाहीतर आणखी काही म्हणा. त्याच्या हातचं तोंडात घालू नका. विचारा. विचारल्यावर जो चिडेल, त्याच्यापासून लांब राहा."

सगळ्यात आधी पोस्टमन उठला आणि बोट पुढे करून मुलींसमोर येऊन बसला.