बारा नंबरची ओ

“परत गेला! ताई, तुमचा बॉक्स परत गेला!” स्टेजवरून लाइटवाला ओरडला.

साउंडताईंना ते नाट्यगृहाच्या मागच्या बूथमध्ये दिसतच होतं. मिक्सरच्या पडद्यावर स्टेजबॉक्सचा हिरवा ठिपका यायचा, जरा टिकायचा आणि लाल व्हायचा. स्टेजवरचे सगळे माइक त्या एका बॉक्सला जोडलेले, आणि तिथून एकाच वायरीने आवाज बूथपर्यंत यायचा. संध्याकाळी नाटक. ठिपका असाच लपंडाव खेळत राहिला, तर नटांनी तोंडं हलवायची आणि लोकांनी अंदाज बांधायचा.

वायर बदलून झाली होती. सगळं बंद करून पुन्हा चालू करून झालं होतं. मॅनेजर सारखा डोकावून “झालं का?” विचारून जात होता, तेवढंच त्याचं काम.

पूर्वी असं काही झालं की हेडफोनमध्ये विंगेतून आवाज यायचा, “बूथ, घाबरू नकोस. बघतो मी.” तो त्यांच्या नवऱ्याचा. तो विंग सांभाळायचा, त्या बूथ. दिवसभराचं बोलणं त्या हेडफोनच्या यंत्रावरूनच व्हायचं. घरीसुद्धा तो त्यांना बूथच म्हणायचा. “बूथ, चहा तू टाकतेस की मी टाकू?” तो गेल्याला वर्ष होत आलं. विंगेतलं त्याचं यंत्र तेव्हापासून बंद होतं. घरात आता कुणी कुणाला काहीच म्हणत नव्हतं.

ताईंनी लॅपटॉप ओढला. इथे वायरींनी जोडलेल्या प्रत्येक यंत्राला स्वतःचा एक नंबर होता. स्टेजबॉक्सचा बारा. लॅपटॉपवरून नंबरला हाक मारायची, यंत्र जागं असलं तर ओ देतं. बाराने ओ दिली.

“आता बॉक्सची वायर काढ बरं,” त्या ओरडल्या.

“काढली. हातात आहे माझ्या.”

त्यांनी पुन्हा हाक मारली. बाराने पुन्हा ओ दिली.

म्हणजे तोच नंबर आणखी कुणाकडे तरी होता, आणि दोन यंत्रं एकाच जागेसाठी एकमेकांना ढकलत होती.

“आज नवीन काय चालू केलंस?”

“मी? काही नाही हो... हां, ते विंगेतलं दादांचं बोलायचं यंत्र आहे ना, त्याचा प्लग लावला. तुम्ही एकट्याच तिकडून ओरडत असता, म्हटलं मी घेत जाईन हेडफोन. सांगणारच होतो.”

बारा हा नवऱ्याच्या त्या यंत्राचा नंबर. नवा स्टेजबॉक्स आला तेव्हा त्यांनी विचार न करता तोच टाकला होता. बोटांना दुसरा नंबर ठाऊकच नव्हता.

तेवढ्यात मॅनेजर आलाच. “मग काढून टाका की ते डबडं. नुसती अडगळ!”

“काढायचं नाही,” ताई म्हणाल्या. “बॉक्सला मी दुसरा नंबर देते. बारा त्याचा आहे.”

मॅनेजरला काय, आवाज येण्याशी मतलब. ताईंनी नंबर बदलला, वायर लावायला सांगितली. ठिपका हिरवा झाला आणि हिरवाच राहिला.

संध्याकाळी लोक खुर्च्यांत बसले तेव्हा ताईंनी हेडफोन घातला, बटण दाबलं.

“विंग?” सवयीनेच तोंडून गेलं.

पलीकडे जरा खरखर झाली. “हां ताई, बोला. मी लाइटवाला.”

त्या दुसऱ्या कुणाची वाट बघत होत्या असं थोडंच होतं?

“काही नाही. ऐकू येतंय का बघत होते.”

“एकदम स्पष्ट. ताई, दादा तुम्हाला बूथ म्हणायचे ना? मीपण तसंच म्हणत जाऊ?”

ताईंनी मिक्सरवरची एक कळ उगाचच वरखाली केली.

“नको रे,” त्या म्हणाल्या. “तू ताईच म्हण.”

“बरं ताई. घंटा देऊ?”

“दे.”

दोन्ही हात मिक्सरवर होते. डोळे पुसायला एकही मोकळा नव्हता, म्हणून त्यांनी ते तसेच ओले राहू दिले.