छातीलगतचे वीस चेंडू

उराबेचं पत्र आलं त्याला येत्या सप्टेंबरात पस्तीस वर्षं होतील. दीड पानाचं पत्र. त्यात प्रश्न एकच होता आणि त्याचं उत्तर फक्त मला माहीत होतं. मी ते लिहिलं नाही. आधी वाटलं, नीट शब्द सुचले की लिहू. मग वाटलं, आता फार उशीर झाला. पुढे दर नववर्षाला त्याचं शुभेच्छापत्र येत राहिलं, मीही पाठवत राहिलो, आणि त्या प्रश्नाचं नाव दोघांनीही काढलं नाही.

आम्ही दोघं एकाच वर्षी, अठराव्या वर्षी, जपानच्या एका व्यावसायिक बेसबॉल संघात आलो. मला पहिल्या क्रमांकाने निवडलं होतं. आमच्या गावच्या स्टेशनवर माझ्या नावाचा फलक लावला होता. उराबेची निवड सहावी. चौथ्या हंगामात माझा खांदा गेला. मुख्य संघाकडून एकवीस सामने खेळलो, त्यातले दोन विजय आणि नऊ पराभव माझ्या नावावर लागले. पिचर, म्हणजे फलंदाजाला चेंडू टाकणारा, म्हणून माझी कारकीर्द एवढीच. शरद ऋतूत कचेरीतून फोन आला, उद्या सूट घालून या. सूट म्हटल्यावर आमच्यात कुणी पुढचं विचारत नाही. त्यांनी मला खेळाडू म्हणून मोकळं केलं आणि त्याच बैठकीत विचारलं, सरावाचा पिचर होणार का? मी हो म्हणालो. दुसरं मला काय येत होतं?

सरावाच्या पिचरने आपला चेंडू मारू द्यायचा असतो. सामन्याआधी जाळीच्या आडोशाने रोज सव्वाशे चेंडू टाकायचे, फलंदाजाला हवे तिथे, हवे त्या वेगाने. त्याचा फटका जितका लांब, तितकं आपलं काम चोख. मला ते जमलं, बहुधा खऱ्या पिचिंगपेक्षा जास्त. उराबे तोवर संघाचा मुख्य फलंदाज झाला होता आणि माझ्याशिवाय कुणाकडे सराव करत नसे. मी बसमध्ये पुस्तकात डोकं घालून बसायचो, म्हणून मला मास्तर म्हणायचा. माझा एखादा चेंडू चुकला की ओरडायचा, “मास्तर, पान उलटायचं राहिलं वाटतं.”

आम्ही छत्तीस वर्षांचे झालो. फेब्रुवारीच्या शिबिरात माझ्या लक्षात आलं की छातीलगत येणारा चेंडू त्याला उशिरा कळतोय. बॅट धरून उभा राहताना तो चेहरा पूर्वीपेक्षा जास्त माझ्याकडे वळवत होता, उजव्या डोळ्याने बघायला. डाव्या डोळ्याने कमी दिसत असावं. त्याला तसं सांगायला हवं होतं. मला ते बोलता आलं नाही. मी चेंडू तीन बोटं बाहेर सरकवला. दुसऱ्या दिवशीही सरकवला. आठवड्याभरात त्याचे फटके पुन्हा प्रेक्षकांच्या बाकांवर पडू लागले.

“मास्तर, मी पंचविशीत आलो बघ,” तो म्हणाला. मी हसलो.

सामन्यांत मात्र त्याची बॅट चालेना. एप्रिल गेला. मे महिन्यात प्रशिक्षक किझाकीसान यांनी मला सामानाच्या खोलीत बोलावून दार लावून घेतलं. उराबेला खालच्या संघात पाठवायचं त्यांच्या मनात होतं. छत्तिसाव्या वर्षी खालचा संघ म्हणजे शरदात सूट, हे दोघांनाही ठाऊक होतं. त्याआधी त्यांना एकदा खात्री करायची होती. ते म्हणाले, उद्या सरावात त्याला वीस चेंडू टाक, सगळे छातीलगत, अंगात असेल तेवढ्या जोराने. मी मागे उभा राहीन. त्याला आधी कळता कामा नये.

“तुझा दोस्त आहे, माहितेय मला,” ते म्हणाले. “म्हणून तर तुला सांगतोय. तू खोटं टाकणार नाहीस.”

त्या रात्री मी झोपलो नाही.

दुसऱ्या दिवशी उराबे नेहमीसारखा पाय आपटत आला, आणि मागे किझाकीसान हाताची घडी घालून उभे राहिलेले त्याने पाहिले. काय चाललंय ते त्याला तिथल्या तिथे कळलं असावं. त्याने एकही चेष्टा केली नाही.

पहिला चेंडू मी खरोखर जोराने आत टाकला. बॅट हवेतून गेली. दुसराही तसाच. उराबेने हेल्मेट सारखं केलं आणि माझ्याकडे बघितलं. मी तिसरा चेंडू हातात घेतला.

चेंडू दर वेळी त्याच क्षणी, त्याच जागी आला तर तो मारायला डोळ्यांची गरज नसते, ठेका पुरतो. आणि तसा ठेका धरणं ही एकच गोष्ट मी चौदा वर्षं रोज करत आलो होतो. तिसरा चेंडू मी छातीलगतच टाकला, जोरही ठेवला. चौथा अगदी तसाच. पाचव्याला फटका बसला. सहावा कुंपणावर आदळला.

बाराव्या चेंडूनंतर उराबेच्या मागून किझाकीसान ओरडले. “निवा, सारखं एकाच तालात काय टाकतोयस? जरा मागेपुढे कर.”

मी मान डोलावली. हात वर नेताना वेळ लावला, पण पाय जमिनीला टेकल्यापासून चेंडू सुटेपर्यंतचा ठेका तोच ठेवला. उराबे माझ्या पायाकडेच बघत होता. तेरावा बाकांत गेला. मग चौदावा. शेवटच्या आठातले सहा त्याने लांब मारले.

किझाकीसान जाळीपाशी आले आणि मला एकट्याला विचारलं, “दिसतंय ना त्याला?”

तेव्हाही सांगता आलं असतं.

“चांगला दिसतोय,” मी म्हणालो.

चौथ्या दिवशीच्या सामन्यात त्याचं नाव यादीत होतं. समोरचा पिचर वीस वर्षांचा, वेगवान, चेंडूवर ताबा नसलेला. सरावाचं काम आटोपून मी मैदानाच्या कडेच्या बोळात उभा होतो. चेंडू त्याच्या चेहऱ्याकडे निघालेला मला तिथून दिसला. कुठलाही फलंदाज अशा वेळी मागे पडतो, निदान मान फिरवतो. उराबे हलला नाही. उसाचं कांडं मोडावं तसा आवाज झाला.

गालाचं हाड जुळलं, डावा डोळा गेला. वर्तमानपत्रांनी लिहिलं की फॉर्म गेलेला म्हातारा खेळाडू भीतीने गोठला. तो बायकोच्या माहेरच्या गावी गेला, सासऱ्याचं नूडल्सचं दुकान चालवू लागला, आणि सप्टेंबरात त्याने मला पत्र लिहिलं.

“मास्तर, किझाकीसान मागे उभे होते त्या दिवशी तू माझ्या सोयीचं टाकत होतास का? डोळा आधीपासून अधू होता का ते डॉक्टरांना आता सांगता येत नाही. मला चेंडू दिसला नाही, का मी घाबरलो, हे माझं मलाच कळत नाही. तुला माहीत असेल तर सांग. रागावणार नाही.”

हो म्हटलं असतं तर तो त्या लाजेतून सुटला असता, आणि त्याचा डोळा घालवणारा मी ठरलो असतो. मी गप्प बसलो.

यंदाचं शुभेच्छापत्र त्याच्या मुलीच्या हस्ताक्षरात आलं. बाबांचा उजवा डोळाही आता मंदावलाय, आलेली पत्रं मी वाचून दाखवते, असं तिने लिहिलं होतं. तरी रविवारी शाळेच्या मैदानावर जातात आणि मुलांना दर वेळी तेच सांगतात: मी घाबरलो म्हणून माझा डोळा गेला, तुम्ही घाबरू नका. तिला ते गमतीचं वाटत असावं.

जानेवारीपासून मी लिहीत होतो. आधीच्या मसुद्यांत माझ्याबद्दल फार होतं, माझ्या खांद्याबद्दल, मैत्रीबद्दल. ते फाडले. हे पत्र त्याची मुलगी मोठ्याने वाचणार, हे आठवलं की हात थांबायचा. शेवटी वाटलं, तिनेच वाचावं. मार्चमध्ये एवढंच उरलं:

“उराबे, तू घाबरला नव्हतास. फेब्रुवारीपासून तुला डाव्या डोळ्याने नीट दिसत नव्हतं आणि ते मला माहीत होतं. मी चेंडू तुझ्या बॅटवर टाकत होतो, त्या वीसमधले अठरासुद्धा. किझाकीसानना मी खोटं सांगितलं. तुझं पत्र मला मिळालं होतं. मुलांना यापुढे खरं ते सांग. निवा.”

तांदळाच्या दुकानासमोरच्या पेटीत मी ते टाकलं आणि तिथेच उभा राहिलो. काही वेळाने लाल गाडी आली. पोस्टमनने पेटी उघडून सगळं पिशवीत घेतलं. मी विचारलं, सगळी गेली ना?

“गेली, आजोबा. काही चुकून टाकलंत का? आता परत देता यायचं नाही.”

नको, मी म्हणालो. गाडी वळणावरून दिसेनाशी झाली.