मूर्तीमागे एक पाट

विमा कंपनीच्या सर्व्हेअरने चिखलात रुतलेला पाट ओढून काढला, झटकला आणि बाकीच्या पाटांवर ठेवला. बाबाजी त्याच्या ओठांकडे बघत होता. माणूस मनातल्या मनात मोजत होता, आणि मनात मोजणाऱ्याचा बाबाजीला मुळीच भरवसा नव्हता.

जोहे गावातल्या त्याच्या कारखान्यात पुराचं पाणी शिरलं आणि गणपतीच्या मूर्ती जागच्या जागी विरघळल्या. शाडूची मूर्ती भिजली की तिची पुन्हा मातीच होते. राहतो तो फक्त तिच्या खालचा लाकडी पाट. मूर्तीमागे एक पाट, असाच हिशेब. विमा कंपनी मागितल्याच्या निम्मंच देते, असं अख्खं गाव सांगत होतं, म्हणून बाबाजीने मूर्ती दुप्पट लिहून दिल्या होत्या. मग बायको हौसा शेजारच्या मूर्तिकार जगनकडे गेली, चिखलावर टाकायला म्हणून त्याचे पाट मागून आणले आणि आपल्या पाटांत मिसळून टाकले. जगनने पाट दिले, विचारलं काहीच नाही.

पण सर्व्हेअर उद्याऐवजी आजच आला, आणि आधी जगनकडेच शिरला. तिथे चहासुद्धा प्याला. जगन्या बोलला असणार! पेणचा एकच व्यापारी, दोघांचा माल त्यालाच जायचा. असली आयती संधी कोण सोडतो?

"शेजाऱ्याशी बरं आहे ना तुमचं?" सर्व्हेअरने विचारलं.

"हाय की. का हो सायेब?"

"सहज."

सहज कसलं डोंबलाचं! हौसा पदराचं टोक बोटाला गुंडाळत उभी होती.

सर्व्हेअरने कागद आणि पेन पुढे केलं.

"पाट जुळतात. मी काही कापत नाही. करा सही."

हे पैसे आले तरच नवी माती येणार होती, पुढच्या वर्षी कारखाना उभा राहणार होता. तरी बाबाजीला ते खरं वाटेना. इतकं सरळ कधी काही होतं का?

"कायच कापनार नाय?"

"खऱ्याचं कशाला कापू? त्या जगनचं मात्र कापलं. मूर्ती सांगतो ढीगभर आणि पाट बोटांवर मोजण्याइतके. बाकीचे कुठे गेले म्हटलं, तर म्हणतो पुरात वाहून गेले. मधे एवढी एक भिंत, दोघांकडे तेच पाणी, आणि तुमचा एक पाट हलला नाही. खोटं बोलायचीही काही रीत असते."

हौसाने पाटांच्या ढिगाकडे बघितलं.

बाबाजीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पेन हातात तसंच होतं. त्याने ते सर्व्हेअरच्या कागदावर आडवं ठेवलं आणि भिंतीकडे निघाला. हौसाने त्याचा सदरा धरला.

"अवो, आपलं काय व्हईल?"

त्याने भिंतीपलीकडे बोट दाखवलं. हौसाने सदरा सोडला.

बाबाजीने भिंतीवरून पलीकडे वाकून, सर्व्हेअरला ऐकू जाईल अशी हाक मारली.

"जगन, हातगाडी घेऊन ये रं. तुझे पाट हायत इथं, घेऊन जा."