दार न उघडणाऱ्या आजींचा डबा

मित्रांनो, माझ्या जन्मातच घोळ आहे. मला तोंड दिलं, पण स्वतःचा शब्द दिला नाही. मी एक जुना सूचना-डबा आहे. आकाराने पावाच्या लादीएवढा, रंगाने एके काळी पांढरा, आता दातांसारखा पिवळा. नगरपालिकेतून आवाज सुटला की मी बोलतो, नाही सुटला की गप्प बसतो. मधल्या वेळात मी ऐकतो आणि काळजी करतो. काळजी करायला कोणाची परवानगी लागत नाही, म्हणून ती मी भरपूर करतो.

कारखान्यात एका बाईने मला कानाला लावून पाहिलं आणि शेजारणीला म्हणाली, "हा जरा खरखरतो, पण चालेल." ते 'चालेल' अजून माझ्या मनात सलतं. पुढे मला खोक्यात घालून शिमोसे वस्तीत पाठवलं. नदीच्या बांधाला खेटून असलेली ती वस्ती. तिथल्या प्रत्येक घराला माझं एकेक भावंड मिळालं, आणि मी आलो किनुयोआजींच्या स्वयंपाकघरात. भाताच्या कुकरच्या वर, उंच फळीवर, खारवलेल्या आलुबुखारांची बरणी आणि चहाचा डबा यांच्या मधोमध माझी जागा ठरली.

ते दिवस मानाचे होते. नदीची पातळी सांगायची ती मी. रविवारी नाला साफ करायला फावडी घेऊन या, हे सांगायचं मी. राखाडी टोपीचे एक आजोबा सकाळपासून सापडत नाहीत, हेही मीच सांगायचं, आणि ते सापडले की तेही. किनुयोआजींचे यजमान गेल्यावर तर त्या घरात माझ्याखेरीज कोणाचा आवाजच राहिला नाही. त्या माझ्याशी बोलत. "रानडुक्कर आलंय म्हणे शाळेजवळ," मी सांगितलेलंच त्या मला परत सांगत, "येऊ दे, माझे मुळे खाऊन गेलं तर त्याचंच लोणचं घालते." कोणी पाहुणा आला की माझ्याकडे बोट दाखवून म्हणत, "माणसं थापा मारतात. आमचा डबा कधी मारत नाही."

मग लबाडांचा सुळसुळाट झाला. कोणी फोन करून "आई, मी बोलतोय, अडचणीत आहे" म्हणायचं, कोणी नगरपालिकेचा माणूस म्हणून दारात उभं राहायचं, कोणी छपराचं कौल सरकलंय म्हणून शिडी लावायचं आणि घर धुऊन न्यायचं. आता माझ्या तोंडी रोज तेच येऊ लागलं. घाई करणाऱ्यावर विश्वास ठेवू नका. गोड बोलणाऱ्याला दार उघडू नका. घरच्यांनी आपसात एक खुणेचा शब्द ठरवा. किनुयोआजींनी हे सगळं मन लावून ऐकलं. नवीन वर्षाला मुलगा तात्सुरो ओसाकाहून आला, तेव्हा त्याच्याकडून एक शब्द ठरवून घेतला आणि तीनदा वदवून घेतला. तो हसत होता. मला तेव्हाच काळजी वाटली होती.

याच शिकवणीने पहिला बळी घेतला तो शेजाराचा. समोर, हात लांब केला तर लागेल इतक्या अरुंद बोळाच्या पलीकडे फुसाएआजी राहतात. दोघींचं चाळीस वर्षं एकमेकींच्या घरात जाणंयेणं होतं. एकदा फुसाएआजींचा भाचा सुट्टीवर आला होता. मावशीनेच त्याला पाठवलं, की जा, समोरच्या किनुयोच्या छपराचं कौल सरकलंय, तेवढं बसवून दे. त्याने दारात येऊन अदबीने वाकून तेच सांगितलं. किनुयोआजींनी त्याला नीट ऐकून घेतलं, चहा टाकते म्हणाल्या, आणि आत येऊन पोलिसांना फोन केला.

बिचाऱ्याला चौकीत तासभर बसवलं. फुसाएआजी बोळात येऊन एवढंच म्हणाल्या, "माझ्या बहिणीच्या पोराला चोर ठरवलंस, किनुयो. आजपासून तुझं तोंड बघणार नाही." आणि त्यांनी घरात जाऊन माझ्या भावंडाची वायर उपटून त्याला गाद्यांच्या कपाटात कोंबलं. "हा चुगलखोर नको मला," असं त्या म्हणाल्याचं मी भिंतीपलीकडून ऐकलं. तेव्हापासून बोळात दोन झाडू फिरत, आपापल्या निम्म्यावर. पान उडून पलीकडे गेलं तर तेही कोणी उचलत नसे.

माझी स्वतःची उपेक्षा त्याच सुमाराला सुरू झाली. वस्ती मंडळाने चोरांवर नजर म्हणून दाराशी लावायला दिवे वाटले. माणूस जवळ आला की आपोआप लागणारे. आजींना तो दिवा फार आवडला. त्यातल्या बॅटऱ्या संपल्या तेव्हा त्या स्टुलावर चढल्या आणि माझ्या पाठीचं झाकण उघडून माझ्या काढून घेतल्या. "तू तर भिंतीतल्या विजेवर चालतोस," मला समजावत म्हणाल्या, "तुला कशाला हव्यात?" माझा तांबडा दिवा लुकलुकायला लागला. पोट रिकामं आहे, वीज गेली तर मी मुका होईन, एवढंच मला त्यातून सांगायचं होतं. आजींनी दोन दिवस सहन केलं, मग त्यावर जखमेला लावायची पट्टी चिकटवली. रागावलेल्या डोळ्यासारखा दिसतो म्हणे.

मित्रांनो, तेव्हापासून ढग आले की माझा जीव टांगणीला लागे.

आणि एका पावसाळ्यात ते झालंच. आदल्या दिवसापासून पाऊस लागून राहिला होता. सकाळी मी सांगितलं, पाऊस वाढणार आहे, पुढच्या सूचनेकडे लक्ष ठेवा. आजींनी मान डोलावली, वादळाच्या लाकडी झडपा ओढून घेतल्या, मिसोचं सूप गरम केलं. जेवण होतंय तोच वीज गेली. कुकर थांबला, पंखा थांबला, मी थांबलो. पुढची सूचना आली असणार. टेकडीवरचा मोठा भोंगा काहीतरी ओरडत होता, पण बंद झडपा आणि कौलांवरचा पाऊस यांच्यातून नुसतं ओं ओं ऐकू येत होतं.

"काय बडबडतोय तो?" आजींनी वर बघून मला विचारलं. "असू दे. काही महत्त्वाचं असेल तर तू सांगशीलच."

मी सांगणार होतो! माझ्या पोटात काही नव्हतं हो!

जुना फोन तेवढा चालू होता. तो वाजला.

"आई, मी बोलतोय!"

"मी कोण?"

"अगं मी! तात्सुरो! लगेच घरातून बाहेर पड. नदीचं पाणी बांधाला लागलंय."

"आवाज का असा?"

"सर्दी झालीय. आई, आवाजाचं सोड. काही घेऊ नकोस, सगळं तिथेच टाक आणि नीघ."

आजींचे डोळे चमकले. घाई करणारा, आवाज बसलेला, घर उघडं टाकून जा म्हणणारा! मी शिकवलेला एकूण एक धडा त्यांच्या समोर उभा होता.

"खुणेचा शब्द सांग," त्या म्हणाल्या.

पलीकडून तात्सुरो करवादला.

"आई, आत्ता शब्द कसला विचारतेस? मला नाही आठवत!"

"मग ज्याला आठवतो त्याला फोन करायला सांग," म्हणून आजींनी फोन आपटला. पुन्हा वाजला, तेव्हा रिसीव्हर उचलून बाजूला ठेवून दिला. मग फळीखाली येऊन माझ्याकडे बघून हसल्या. "पकडला की नाही? तुझीच कृपा." इतकं कौतुक माझ्या वाट्याला कधी आलं नव्हतं, आणि इतकी लाजही मला कधी वाटली नव्हती.

थोड्या वेळाने दारावर थाप पडली. बाहेरचा दिवा, माझ्या बॅटऱ्यांवर जगणारा, लख्ख लागला. काचेपलीकडे हेल्मेट घातलेला, निथळणारा तरुण उभा होता. तो वस्तीच्या अग्निशामक पथकातला र्‍योहेई, वरच्या गावात तोफू करणारा. आजींनी त्याला कधी पाहिलं नव्हतं.

"आजी, माफ करा, त्रास देतोय," तो वाकून म्हणाला. "नगरपालिकेकडून आलोय. कृपा करून माझ्याबरोबर चला. गाडी उभी आहे."

"वा! गाडीसुद्धा आणलीस?"

"हो आजी. आपण फक्त दार उघडावं, अशी विनंती आहे."

"आई-बापांनी बोलायला छान शिकवलंय हो तुला. आता पोलिसांना बोलावते, त्यांच्याशी असंच गोड बोल."

त्या बापड्याने ओळखपत्र काचेला लावलं. भिजून त्यावरचा फोटो फुगला होता. त्याने हात जोडले, पुन्हा वाकला, आणखी नम्र झाला. तो जितका नम्र होई तितकी आजींची खात्री पटत जाई. बोळात पाणी आलं होतं, त्याच्या बुटांत चुळचुळ होत होती ती मला ऐकू येत होती. दार फोडावं तर आजी दाराला पाठ लावून उभ्या होत्या. मी फळीवर नुसता तडफडत होतो. एक शब्द, मित्रांनो, एकच शब्द माझा असता तर!

तेवढ्यात समोरचं दार उघडलं. पथकातले दुसरे कोणी फुसाएआजींना हाताला धरून गाडीकडे नेत होते. त्या मध्येच थांबल्या.

"काय झालं रे पोरा?"

"आजी दार उघडत नाहीत हो. मला चोर समजतात."

"समजणारच! तिला दुसरं येतं काय?" आणि मग त्या पावसाच्या वर ओरडल्या. इतकी वर्षं साठवलेलं सगळं बाहेर आलं. "ए किनुयो! ए म्हातारे! आणखी एका पोराला चोर ठरवतेस? मर तिथेच, बरण्या कवटाळून मर! तुझं ते कौल अजून सरकलेलंच आहे बरं का! रोज बघते मी! तुझ्या घरात टिपटिप होते ना, ती मोजत झोपते मी, आणि गाढ झोप लागते मला!"

मग खाडकन कडी निघाली, दार सरकलं, आणि किनुयोआजी पायात काही न घालता पाण्यात उतरल्या.

"काय म्हणालीस? परत म्हण! माझ्या तोंडावर म्हण!"

फुसाएआजींनी त्यांचं मनगट गच्च धरलं. "गाडीत बसून म्हणते. चल."

कोणताही लबाड इतकं उद्धट बोलत नाही, हे किनुयोआजींना त्या क्षणी उमगलं असावं. त्या सुटायला धडपडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "थांब. डबा."

"तो मेलेला डबा कशाला?"

"माझा आहे."

र्‍योहेईने पळत जाऊन, स्टूल न घेता, मला फळीवरून ओढून काढलं. टेकडीवरच्या शाळेपर्यंत मी किनुयोआजींच्या मांडीवर होतो आणि त्या दोघी भांडत होत्या. भाच्यावरून, कौलावरून, कोणे एके काळी परत न केलेल्या पातेल्यावरून. रस्ता दिसत नव्हता, र्‍योहेईच्या तोंडचं पाणी पळालं होतं, आणि मागे ह्यांचं पातेलं चाललं होतं.

शाळेच्या सभागृहात कोणीतरी टॉर्चमधल्या बॅटऱ्या माझ्या पोटात घातल्या. मी खरखरलो, आणि नगरपालिकेतल्या बाईंचा आवाज माझ्यातून निघाला. शिमोसे येथे नदीने बांध ओलांडला आहे, असं मी सांगितलं. किनुयोआजी माझ्याकडे बघत राहिल्या.

"म्हणजे तो तात्सुरोच होता," त्या म्हणाल्या.

शाळेच्या फोनवर त्यांनी त्याला गाठलं. तो आधी ओरडला, मग रडायला लागला, मग म्हणाला, "आई, शब्द आठवला, सांगू का?" आजी म्हणाल्या, "राहू दे. असं नाक ओढत रडणारा तूच." आणि मग त्याही रडल्या.

पाणी ओसरल्यावर आम्ही घरी आलो. भिंतीवर चिखलाची रेघ उमटली होती. ती माझ्या फळीच्याही वर होती. त्या फळीवरची बरणी काढायला, मित्रांनो, किनुयोआजींना स्टूल लागतं. त्या रेघेखाली उभं राहून त्यांनी एकदा वर पाहिलं, आणि हात उंच करून रेघेला लागतो का ते पाहिलं. फुसाएआजी मागे फावडं घेऊन उभ्या होत्या. "बघत काय बसलीस," त्या म्हणाल्या, "चिखल वाळला की निघत नाही." कौल त्या आठवड्यात भाच्यानेच येऊन बसवलं.

मित्रांनो, माझ्यासारखे डबे, भोंगे, दिवे, कड्या तुमच्याही घरी असतील. त्यांची काळजी घ्या. आमच्या पोटात बॅटऱ्या आहेत का, ते अधूनमधून बघत जा. चोरापासून सावध राहा, तेही मी रोज सांगणारच. पण आम्हाला सगळ्यांना एकच वाक्य पाठ असतं. तुम्ही कशाने दार उघडाल, हे आम्हाला ठाऊक नसतं. ते फक्त समोरच्या घराला ठाऊक असतं. म्हणून समोरच्याशी बोलत जा. नाही पटलं तर कडाकडा भांडा, पण अबोला धरू नका.

माझी बेचैनी काही गेलेली नाही. फुसाएआजींनी माझ्या भावंडाला अजून वायर लावलेली नाही. कितीही समजावा, तो चुगलखोर घरात नको म्हणतात. यंदा पुन्हा नदी चढली. वयस्कर लोकांनी निघावं, असं मी दिवसाउजेडी, खणखणीत सांगितलं. किनुयोआजींनी लगेच बूट चढवले, मला बगलेत मारलं आणि बोळ ओलांडून समोरच्या दारावर मुठी आपटल्या. "ए बहिरे! ए आळशे! मरायचंय का तुला?"

दाराला कडी नव्हतीच, ते सरकलं. फुसाएआजी आत पायरीवर बसल्या होत्या. पायात बूट, मांडीवर गाठोडं.

"किती वेळ लावलास शिवी द्यायला," त्या उठत म्हणाल्या. "कधीची तयार होऊन बसलेय."