धुतलेली गोधडी

कूलरमध्ये नवीन गवत बसवायचे तर आधी टाकी घासून धुवायची. जुना वास राहिला की गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात.

जमुनाबाईंना त्यांच्या नवऱ्याने कधी नावाने हाक मारली नाही. "अवं" म्हणायचे. घरातल्या मांजरीलाही नाव नव्हते. तीही "अवं" म्हटले की यायची.

तारेवर गोधडी. तिच्यातून पाणी गळते आहे, आणि फरशीवर त्याचा रंग कुठल्याशा जुन्या लुगड्यासारखा जांभळा.

अमरावतीहून मुलीचा फोन येतो तो संध्याकाळी, राजापेठेतले तिचे शिकवणीवर्ग सुटल्यावर.

भिंतीला कान असतात असे नाही. काही भिंती फक्त पातळ असतात.

*

"एकदम समोर नोको सोडू," पिशवीतले मांजरीचे पिल्लू हातात देताना गयासुद्दीन म्हणाला होता. "आतल्या खोलीत ठेव. फडक्यानं त्याचं आंग पूस, थे फडकं म्हाताऱ्या मांजरीपाशी नेऊन टाक. म्हातारीच्या जागेची चिंधी पिल्लूपाशी. पहले बू की पहचान होऊ दे, मंग सूरत की."

"मांजरीचं लगीन लावून राह्यला का बे तू?" पंजाबराव हसले. "माह्या घरी असे नखरे चालत नाई."

"घर तिचंही हाये ना, पंजाब."

अकोल्याच्या जुन्या शहरात दोघांची घरे शेजारी, मध्ये एकच भिंत. पंजाबरावांचे दुकान म्हणजे घरापुढचा ओटा. एप्रिल लागला की तो कूलरच्या पत्र्यांनी भरून जाई. जमुनाबाई मागच्या थंडीत गेल्या. दिवस उरकल्यावर मुलगी मोनाली अमरावतीला सासरी निघताना एवढेच म्हणाली होती, "बाबा, आईच्या मांजरीले सांभाळा. मी दुसरं काईच मांगत नाई तुमाले." म्हातारी मांजर अलीकडे दिवसभर गोधडीवर पडून असायची. तिला सोबत होईल, म्हणून हे पिल्लू.

पिल्लाला म्हातारीच्याच जागेवर ठेवावे, हे पंजाबरावांनी मनाशी ठरवले. जागा म्हणजे कूलरच्या स्टँडमागची ती गोधडी. त्यांनी ती उचलून नाकाला लावली. मांजरीचे केस, दूध, जमुनाबाईंचे गुडघ्याला चोळायचे तेल. सगळे एकात एक मुरलेले. उभा जन्म कूलर दुरुस्त करण्यात गेलेल्या माणसाला वास म्हणजे बिघाड. त्यांनी एक रिकामी टाकी भरली, पावडर टाकली आणि गोधडी पायाने तुडवून तुडवून धुतली. पाण्याला वास येईनासा होईपर्यंत धुतली.

दुपारपर्यंत ती पापडासारखी कडक वाळली. तिच्यावर पिल्लू ठेवून पंजाबराव मागे सरले, तेव्हा त्यांना काम चोख झाल्याचा आनंद झाला.

म्हातारी बाहेरून आली. पिल्लाकडे तिने पाहिलेच नाही. तिने गोधडीला नाक लावले. मग दुसऱ्या ठिगळाला. मग तिसऱ्या. कानातले पडलेली बाई जशी वितावितीने जमीन शोधते, तशी ती या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली आणि परत आली. पिल्लाला वाटले खेळ आहे. ते तिच्या पोटाखाली घुसले.

म्हातारी फिस्कारली. पंजा बसला. पिल्लाच्या नाकावर रक्ताचा ठिपका आला.

पंजाबरावांनी पायातली चप्पल काढली आणि म्हातारीच्या पाठीत हाणली.

"राह्यचं तं नीट राह्य," ते ओरडले, "नाई तं दार उघडं हाये. घर माह्यं हाये!"

वाक्य जुळवावे लागले नाही. ते तोंडात तयारच होते.

म्हातारीने वर पाहिले नाही. अंग आखडून, कान पाडून ती जागीच बसली, दुसऱ्या फटक्याची वाट पाहत असल्यासारखी. असे बसणे पंजाबरावांनी याच घरात पाहिले होते. कोणाचे, हे आठवायला वेळ लागला नाही, आणि हातातली चप्पल कुठे ठेवावी ते त्यांना कळेना. तेवढ्यात मांजर उठली आणि उघड्या दाराने निघून गेली. धावली नाही. चालत गेली.

दाराशी गयासुद्दीन उभा होता. हातात पिल्लासाठी आणलेली दुधाची वाटी.

"तू कवा आला?" पंजाबरावांनी विचारले.

"आत्ताच."

"काई आयकलं का?"

गयासुद्दीनने वाटी उंबऱ्यावर ठेवली. "इतक्या सालापासून एकच दीवार हाये आपली, पंजाब," तो हळूच म्हणाला. "सबच आयकू येते."

तो गेला. पंजाबराव एका कूलरचा पंखा उगाच हाताने फिरवत बसले.

*

"बाबा, कशा हायेत दोघी?"

"मस्त. एका ताटात खाऊन राह्यल्या."

"दाखवा न. व्हिडिओ चालू करा."

त्यांनी गोधडीवर झोपलेले पिल्लू दाखवले.

"अय्या, किती गोड! अन् म्हातारी?"

"असंन इथंच. भटकाले गेली."

"बाबा, गोधडी धुतली का तुमी?"

पंजाबरावांनी फोन गोधडीवरून हलवून भिंतीकडे धरला. मोनाली म्हणाली, "बरं. ठेवते मी," आणि फोन बंद झाला.

दिवेलागणीला ते गल्लीत उतरले. मोर्णा नदीच्या पुलाकडे जाणाऱ्या रस्त्याच्या तोंडाशी उभे राहून त्यांनी घसा खाकरला. हाक एकच होती. दुसरी त्यांनी कधी ठेवलीच नव्हती.

"अवं..."

दोन दुचाक्या गेल्या.

"अवं, ये वं घरी."

नळावरची पार्वताबाई घागर अर्धी भरली असतानाच थांबली. नवरा बायकोला हाका मारतो आहे असाच सूर, आणि बाई तर थंडीतच गेलेली. तिने पदर सारखा केला.

"भाऊ, कोनाले बोलावून राह्यले तुमी?"

"मांजर गेली," पंजाबराव खाली बघत म्हणाले.

"मंग नाव घेऊन बोलवा न. नाव काय तिचं?"

नळाचे पाणी घागरीत पडत राहिले, घागर भरली, वाहू लागली.

"या हाकेलेच येते थे," शेवटी ते म्हणाले, आणि पुढच्या वळणापर्यंत गेले. तिथून पुन्हा तीच हाक ऐकू आली. या वेळी बरीच हळू.

*

ती गोधडी जमुनाबाईंनी मांजरीसाठी शिवली नव्हती. नवऱ्यासाठी शिवली होती. पहिल्याच रात्री "टाके टोचते" म्हणून पंजाबरावांनी ती पायाने खाली लोटली, आणि मांजर तिच्यावर जाऊन बसली.