बेलकासेमचा दगड

लुनिसने थडग्याचा दगड घडवणाऱ्याचा कागद टेबलावर पसरला आणि नावाच्या रकान्यात ‘बर्नार’ लिहिलं. हूरियाने त्याच्या हातातलं पेन ओढून ते खोडलं. बापाला जाऊन आठवडाही झाला नव्हता.

“बाबांचं नाव बेलकासेम होतं.”

“नागरिकत्व घेताना त्यांनीच बदललं, ताई.”

“बदललं नाही, बदलावं लागलं. बेलकासेमला गिरणीत कोण घेत होतं? आमच्या इंग्लंडात, लीड्सला येऊन बघ. तिथे अर्जातच वंश विचारतात. मी ‘अरब’वर खूण करते, विषय संपला. दुकानावर पाटीसुद्धा माझ्याच नावाची.”

“तिथे विचारून वेगळं काढतात. इथे फ्रान्समध्ये विचारत नाहीत, सगळे सारखे म्हणतात, आणि नाव वाचून अर्ज बाजूला सारतात.” लुनिसचा आवाज चढला, मग एकदम खाली आला. “गेल्या महिन्यात आपल्या लोकांच्या थडग्यांवर कोणी तरी रंग फासून गेले. बर्नारच्या वाटेला कोणी जायचं नाही. आता तरी त्यांना निवांत पडू दे ना.”

त्यांची आई झुलीखा इतका वेळ मसूर निवडत होती. रूबे शहरातल्या कचेऱ्यांच्या फरशा पुसण्यात तिची चाळीस वर्षं गेली होती. कुठेही गेलं तरी पळसाला पानं तीनच, हे तिला कोणी शिकवायला नको होतं. नवऱ्याचं खोडलेलं नाव बघून मात्र तिचा जीव तुटला.

“हूरिया, तुझ्या दुकानाची काच बसवली?”

“बसवली, यम्मा. पोरांचा चेंडू लागला होता, सांगितलं नव्हतं का?”

“आणि पाटी? परवाच्या फोटोत दिसली नाही.”

हूरिया पेनाचं टोपण लावत राहिली. ते लागेना. शेवटी तिने पेन ठेवलं आणि कागद भावाकडे सरकवला.

“लिही तुला हवं ते.”

“बेलकासेम लिही,” झुलीखा म्हणाली. “रंग फासला तर मी पुसेन. जन्मभर ह्या लोकांच्या फरशा पुसल्या, माझ्या माणसाचा एक दगड मला जड नाही.”

लुनिसने सावकाश, एकेक अक्षर सांभाळून लिहिलं. मग खाली मान घालूनच विचारलं,

“आणि तुझ्यानंतर, यम्मा?”

झुलीखाने ताट बाजूला ठेवलं आणि दोन्ही लेकरांकडे बघत राहिली. दोघांपैकी कोणीच मान वर केली नाही.