सहा खाचांचा गिअर

ज्या दिवशी कळलं, त्या दिवशी कंपाउंडरचे दोन्ही हात कोपरापर्यंत गिअरतेलात होते. शर्टाच्या खिशात फोन वाजत होता आणि तो वाजू देत होता. तिचाच असणार. सामान मिळालं, निघते आता, दूध तापवून ठेवा, एवढंच सांगायचं असणार. पुन्हा वाजायला लागला तेव्हा त्याने दोन बोटांच्या चिमटीत तो कसाबसा बाहेर काढला.

"अगं, हात बरबटलेत. जरा दम धरशील की नाही?"

पलीकडे पुरुषाचा आवाज होता.

"काका, मी सुट्या भागांच्या दुकानातून बोलतोय. फोन तुमच्या बाईंचाच आहे. त्या इथे खुर्चीवर बसल्या... पाणी मागितलं. पाणी आणेपर्यंत..."

"बरं," कंपाउंडर म्हणाला.

आपण बरं का म्हणालो, हे त्याला पुढे कितीदा तरी आठवलं. दवाखान्याच्या खिडकीत उभं राहून जन्मभर रोग्यांना बरं, बरं म्हणत आला होता. तोंडाला तेच वळण पडलेलं.

ज्या गाडीतून तिला आणलं, त्याच गाडीत तिच्या पायाशी पुठ्ठ्याचा एक खोका होता. जावयाने तो उचलायला घेतला आणि वजनाने खालीच वाकला.

"बाबा, ह्याचं काय करू?"

"जीपशेजारी ठेव."

माणसं जमली, रडली, गेली. खोका ठेवला तिथेच राहिला.

ही जीप म्हणजे आरोग्य खात्याने मोडीत काढलेला म्हातारा घोडा. नवराबायको दोघंही त्याच खात्यातले. ती नर्स, सगळे तिला सिस्टर म्हणत. तो कंपाउंडर, गोळ्या मोजून पुड्या बांधणारा. तिने ह्याच जीपमधून डोंगरावरच्या वस्त्यांना लशी पोचवल्या होत्या, आणि लिलाव निघाला तेव्हा हट्टाने तीच विकत घेतली होती. चालवायची ती. त्याला गाडी कधी आलीच नाही. शिकवायचा तिने एकदा प्रयत्न केला. त्याने थेट दवाखान्याचं कुंपण पाडलं. तेव्हा ती म्हणाली, "तुम्ही आपले गोळ्या मोजा."

पण त्यालाही गाडीत एक काम होतं. गिअरच्या दांड्याशेजारी आणखी एक आखूड दांडा होता. उभा चढ आला की तो ओढायचा, म्हणजे चाकं सावकाश फिरतात पण जोर दुप्पट होतो. तो दांडा भलता जड. सिस्टरचा एक कोपर पूर्वी हाड मोडल्यामुळे पुरता सरळ होत नसे. म्हणून चढाच्या पायथ्याशी ती गाडी थांबवून क्लच दाबायची आणि नुसतं "हं" म्हणायची. शेजारी बसलेला तो दांडा ओढायचा. इतक्या वर्षांत तिला "हं" दोनदा म्हणावं लागलं नव्हतं.

"एका गाडीला दोन ड्रायव्हर आणि लायसन एकालाच," बोल्ट म्हणायचा. बोल्ट म्हणजे मेकॅनिक. अंग काडीसारखं आणि वर हे मोठं डोकं, म्हणून अख्ख्या बाजारात त्याचं नाव बोल्ट. स्वतःच्या बायकोलाही तो याच नावाने माहीत, असं तो स्वतःच सांगे.

गिअर बदलायचा विषय निघाला तेव्हा घरात चांगलीच जुंपली होती. बोल्टने दोन रस्ते दाखवले होते. एक ओव्हरड्राइव्ह. तो बसवला की मोठ्या रस्त्यावर इंजिनाला कमी धावावं लागतं, बोंब थांबते. दुसरा, त्या आखूड दांड्याच्या पेटीतले गिअर बदलून आणखी सावकाश फिरणारे घालायचे. मग चढाला क्लच जळत नाही आणि उताराला ब्रेक तापत नाही, इंजिनच गाडी धरून ठेवतं. दोन्ही काही घालता येत नव्हतं. एकाने जागा घेतली की दुसरा बसत नाही.

त्याला ओव्हरड्राइव्ह हवा होता. लेकीच्या गावापर्यंत सगळा सपाट रस्ता. त्या रस्त्याने गाडी इतकी बोंबलायची की शेजारी बसून एकमेकांशी बोलता येत नसे.

"घरी काय कमी बोलता?" ती म्हणाली. "अहो, रस्त्याला बस आहे. चढाला कोण आहे?"

निवृत्त झाल्यावरही वरच्या वस्तीतली म्हातारी माणसं तिची वाट बघत. कोणाची जखम बांधायची, कोणाचा रक्तदाब बघायचा.

"चढ तर चढ," तो म्हणाला.

सामान आणायला दोघं नेहमी बरोबर जात. मोजायचं काम त्याचं. गिअरच्या आतल्या अंगाला खाचा असतात, त्यांत पेटीतला फिरता दांडा अडकतो. त्या खाचा नेमक्या तेवढ्याच लागतात. ती पहिल्या खाचेवर नख रोवून धरायची आणि तो गोळ्या मोजायच्या सवयीने पाचापाचाने मोजायचा. त्यांच्या जीपला सहा खाचा. "पाच आणि एक," तो म्हणायचा, मग ती नख काढायची. दुकानदार हसायचे. सहा तर नुसत्या नजरेला दिसतात, काका! दिसू देत. हिच्या हातून कधी सुई चुकली नाही आणि ह्याच्या हातून कधी गोळी.

त्या दिवशी मात्र पेटी उघडून बाकावर मांडलेली. आत धूळ जाईल म्हणून तो मागे राहिला आणि ती एकटी गेली. एवढंच.

पुढे बरेच दिवस तो पेटीवर धुतलेलं फडकं घालायचा आणि काढायचा. लेक आली, म्हणाली, "बाबा, विकून टाका ही गाडी. नजरेसमोर नकोच." तो बरं म्हणाला आणि फडकं बदललं. शेवटी बोल्टच एक दिवस चहा पिऊन उठला आणि न विचारता खोक्याची दोरी कापली.

"ती गेली, पण गाडी कशाला उघडी ठेवतोस? बंद करून टाकू."

खोक्यातला मुख्य गिअर तेलकट कागदात गुंडाळलेला होता. बोल्टने कागद सोडवला, गिअर उजेडाकडे धरला आणि पुन्हा फिरवून पाहिला.

"काय झालं?"

"तूच मोज."

कंपाउंडरने नख रोवलं. पाच आणि... पाच.

"हा आपला नाही," बोल्ट म्हणाला. "हा मोठ्या पेटीचा. नजरचूक. बदलून आणू, दुकानदार काय नाही म्हणतोय?"

"बदलायचा नाही."

"अरे, बसणार नाही तो!"

"मग हा जिच्यात बसेल अशी पेटी शोध."

बोल्टने आपलं मोठं डोकं खाजवलं. "कंपाउंडर, चप्पल बसेना म्हणून पाय कापतोस?"

"कापू."

"ती पेटी लांबीला जास्त. चाकांकडे जाणारा मागचा शाफ्ट आखूड करावा लागेल, पुढचा लांब. गाडीच्या तळाचा पत्रा कापावा लागेल. पेटी पेलणारी आडवी पट्टी नवी घडवावी लागेल. एका गिअरपायी गाडी नवी होईल, येड्या!"

"होऊ दे."

बोल्ट शिव्या घालत गेला आणि दुसऱ्या दिवशी मोजपट्टी घेऊन आला. मग दोघं जीपखाली शिरले. शाफ्टचा कोन किती तिरपा चालेल, सांधा किती सोसेल, जास्त गिअरची पेटी घेतली तर सर्वांत खालचा गिअर किती खाली जाईल, यावर दोघं तावातावाने भांडले. सिस्टर गेल्यापासून कंपाउंडरच्या पोटात पहिल्यांदा पुरतं जेवण गेलं. पत्र्यावर कुठे कापायचं तिथे त्याने खडूने रेघही मारली. रेघ मारताना तो गुणगुणत होता असं बोल्टने नंतर सांगितलं. त्याला स्वतःला काही आठवत नाही.

लेक पुन्हा आली तेव्हा त्याने तिला ओढतच जीपपाशी नेलं. पेटी इथे येणार, शाफ्ट असा जाणार, आणि मग वरच्या वस्तीचा चढ म्हणजे लोण्यातून सुरी.

तिने सगळं ऐकून घेतलं. मग हलकेच म्हणाली, "बाबा, पण चालवणार कोण?"

इतके दिवस त्याला गाडी चढताना दिसत होती. दगड दिसत होते, वळण दिसत होतं, आखूड दांड्यावर आपला हात दिसत होता. आपण कुठल्या सीटवर बसलोय, हे त्याने पाहिलंच नव्हतं.

"तुम्हाला रडवायचं नव्हतं मला," लेक म्हणाली.

"मी कुठे रडतोय?" तो म्हणाला, आणि खडूची रेघ फडक्याने पुसायला लागला. तेलकट फडक्याने ती जाईना, नुसती काळी झाली.

दुपारी त्याने सुट्या भागांच्या दुकानात फोन लावला. ठरवलं, संपवूच. गिअर परत करू, जुनेच गिअर घालून पेटी बंद करू, गाडी जाईल घेणाऱ्याच्या घरी.

"बदलायचाय ना? द्या पाठवून, काका," दुकानदार म्हणाला. "चूक आमच्याच माणसाची. मी तेव्हाच बाईंना म्हटलं होतं, एकदा खाचा मोजून घ्या. मोजल्याच नाहीत त्यांनी."

"मोजल्या नाहीत?"

"अहो, हसल्या. म्हणाल्या, ते काम माझं नाही. मोजणारा घरी आहे, तो मोजेल. मग खोका बांधायला सांगितला, आणि खुर्चीवर बसल्या. काका? ऐकताय ना? कधी पाठवताय?"

"बरं," कंपाउंडर म्हणाला आणि फोन ठेवला.

तो जीपपाशी गेला. गिअर कागदातून काढला. पहिल्या खाचेवर धरायला आता दुसरं नख नव्हतं, म्हणून आपल्याच अंगठ्याचं लावलं. पाच आणि पाच. पुन्हा मोजलं. पाच आणि पाच. तिने विचारलं असतं, किती? त्याने सांगितलं असतं, चुकीचा आणलास. ती म्हणाली असती, मग तुम्ही का नाही आलात? आणि दोघं दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने जाऊन बदलून आले असते.

जीप अजून ठोकळ्यांवर उभी आहे. बोल्ट येतो, चहा पितो, विषय काढत नाही. पेटी उघडीच आहे, फडकं रोज बदललं जातं. गिअर परत पाठवायचा राहिला आहे.